विसर पडणारी माय दवाखान्यात भरती असताना भेटायला जाणं

प्रश्न थोडक्यात असा. आई ७८ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तीन वर्षांपासून विसर पडतो, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलेला. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनला चार दिवस झाले. घरी असताना माणसं ओळखायची, स्वतःच्या हातानं जेवायची. आता मुलाला ओळखत नाही, सलाईनची सुई उपटते, रात्रभर "ढोरं सोडा" म्हणून ओरडते आणि दिवसा झोपून राहते. मुलगा पुण्यात नोकरीला, सुट्टी आठ दिवसांची. थोरला भाऊ वावर सांभाळून येतो-जातो. भेटायला गेलं की ती रडते, "घरी ने" म्हणते. आपण गेल्यानं तिला त्रासच होतो का, असं मुलाला वाटतं.

जा. पण हालहवाल विचारायला जायचं आणि दहा मिनिटांत परत फिरायचं, अशी ही भेट नसते. वॉर्डात डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पण ही बाई मागच्या सोमवारपर्यंत कशी होती हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही. त्यांना खाटेवर ओरडणारी एक म्हातारी दिसते आणि केस पेपरवर "डिमेन्शिया" लिहिलेलं दिसतं. ओरडणं त्या शब्दाच्या खात्यात जमा होतं आणि पुढचा तपास थांबतो. तो थांबू न देणं हे भेटीचं पहिलं काम.

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो, चार दिवसांत नाही. चार दिवसांत आलेला गोंधळ, जो सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, मध्येच ती शुद्धीत बोलते आणि तासाभरात पुन्हा बरळते, त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं "वातात गेली" म्हणतात ती अवस्था. हा वेगळा आजार आहे आणि त्याला कारण असतं. ज्या मेंदूत आधीच शिल्लक कमी, तो म्हणजे एप्रिलमधली विहीर. एरवी कशीबशी पुरते, पण वर आणखी एक मोटर लागली की तळ दिसतो. ती मोटर कोणती, ते शोधायचं.

नेहमीची कारणं डोळ्यांसमोर ठेवा. लघवी तुंबलेली असणं किंवा लघवीतला जंतुसंसर्ग. तीन-चार दिवस परसाकडे न झालेलं पोट. अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं. छातीत कफ, ताप. न सांगता येणारं दुखणं. आणि औषधं: दुखण्यासाठी दिलेली ट्रॅमाडॉलसारखी गोळी, खाज-ॲलर्जीसाठी किंवा रक्त चढवताना दिलेलं एव्हिल, फेनरगन, झोपेच्या गोळ्या. यातली एकही गोष्ट ती तोंडानं सांगणार नाही. म्हणून राऊंडच्या वेळी डॉक्टरांना एकच वाक्य स्पष्ट सांगा: "साहेब, पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत ही माणसं ओळखत होती, हातानं जेवत होती. हा बदल ऑपरेशननंतरचा आहे." "आधीपासून थोडं विसरते" हे वाक्य आधी सांगितलं, तर पुढचं कोणी ऐकत नाही.

एक धोका नेहमी सुटतो. ओरडणाऱ्या रुग्णाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. जी गप्प पडून राहते, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटते, घास तोंडात धरून बसते, तिला "आज शांत आहे" म्हणतात. तोही डेलिरियमच, आणि लक्षात उशिरा येतो म्हणून जास्त वाईट. दिवसा झोपून राहते असं तुम्ही लिहिलंय, तेही डॉक्टरांना सांगाच.

तंबाखूचं आणि दारूचं लपवू नका. आपल्या भागात आयुष्यभर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा बाप किंवा तंबाखू-चुना मळणारी माय भरती झाली की घरचे लाजेनं सांगत नाहीत, आणि तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, घाम, तळमळ होऊन बाहेर येते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू भरती झाल्यामुळे एकदम सुटली, तर साधारण दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरणं, नाही ते दिसणं, झटका येणं इथपर्यंत जातं. त्यात जीव जाऊ शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. गावातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं चालू ठेवलेली झोपेची अल्प्राझोलामची गोळी अचानक बंद झाली तरी असंच होतं. म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्ध्या संपलेल्या, चूर्णाच्या डब्या, एका पिशवीत घालून आणा. "पांढरी बारीक गोळी" या वर्णनावरून कोणाला काही कळत नाही.

म्हातारी कमरेशी सारखी चाचपडत असेल, तर ती बहुतेक चंची, म्हणजे तंबाखूची पिशवी, शोधत असते. रिकामी चंची कमरेला खोचून दिली तरी कितीदा हात थांबतो. तंबाखू मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका. आडव्या पडलेल्या, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात ती श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही.

पहिल्याच दिवशी एक कागद करा. वहीचं एक पान, मोठ्या अक्षरात, खाटेच्या डोक्याशी चिकटपट्टीनं लावा आणि त्याची प्रत फाईलमध्ये ठेवायला सिस्टरना द्या. त्यावर: कोणत्या हाकेला ओ देते (केस पेपरवरचं नाव बरेचदा तिनं चाळीस वर्षांत ऐकलेलं नसतं). कोणत्या कानानं ऐकू येतं. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आहे की नाही. घरी काय काय स्वतः करायची. लघवीला जायचं असेल तर काय म्हणते. ही शेवटची ओळ बिनमहत्त्वाची वाटते, पण नवी सिस्टर दुसऱ्या भागातली असेल तर "बाहेर जाचं हाय" म्हणजे पळून जाणं असं समजून कठडा वर करते, आणि माय अंथरूण ओलं करते. मेळघाटातली कोरकू किंवा गडचिरोलीकडची गोंडी बोलणारी असेल, तर दहा शब्दांची यादीच लिहा: पाणी, लघवी, दुखतं, थंडी, भूक. विसर वाढला की शाळेत किंवा बाजारात शिकलेली भाषा आधी गळते, घरातली मागं राहते.

कवळी कागदात किंवा रुमालात गुंडाळून उशाशी ठेवू नका, झाडताना कचऱ्यात जाते. झाकणाचा डबा, त्यावर नाव आणि खाट नंबर. चष्म्याला दोरी बांधा. ऑपरेशनआधी काढलेलं हातातलं कडं घरी नेलं असेल, तर ती "चोरलं, चोरलं" म्हणून सिस्टरवर धावून जाते. तशा वेळी त्याच जागी साध्या काचेच्या नको, प्लॅस्टिकच्या बांगड्या घाला.

आता प्रत्यक्ष भेट. खेड्यात माणूस भरती झालं की सगेसोयरे गाडी करून येतात. मायेनंच येतात, त्यांना दोष नाही. पण एका खाटेभोवती अकरा जण उभे आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "मले ओळखलं का?" ज्याला उत्तर येत नाही त्याच्यासाठी ती तोंडी परीक्षा असते. दोन-चारदा नापास झाल्यावर ती डोळे मिटून घेते किंवा शिव्या देते. खाटेजवळ एका वेळी एक माणूस, फार तर दोन. बाकीच्यांना बाहेर झाडाखाली बसवा, चहा पाजा, त्यांना थोरल्या भावानं हालहवाल सांगावी. खाटेजवळची तोंडं दोन-तीनच ठेवा आणि तीच रोज येऊ द्या.

समोरून या, पायथ्याकडून. बाजूनं किंवा मागून अचानक हात लावला की ती दचकते आणि मारते. स्टूल घेऊन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड तुमच्या तोंडावर पडेल अशी बाजू निवडा. स्वतःच ओळख द्या: "माय, मी आलो. तुझा धाकटा. पुण्यावरून आलो." एका वाक्यात एकच गोष्ट, आणि मग मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो. आपण चौथ्या अंकालाच दुसरा प्रश्न टाकतो आणि तिचा धागा तुटतो. ऐकू कमी येतं म्हणून ओरडू नका. आवाज चढला की चेहरा रागीट होतो, आणि तिला शब्दांआधी चेहरा कळतो. आवाज खालच्या पट्टीत ठेवा, सावकाश बोला.

तिनं धाकट्याला तिचा भाऊ समजलं तर समजू द्या. "अगं मामा नाही, मी!" असं तीनदा पटवून काही हाती लागत नाही. "तुमचे बाबा कुठं आहेत?" असं तिनं विचारलं आणि बाबा जाऊन आठ वर्षं झाली असतील, तर दर वेळी ते गेल्याचं सांगणं म्हणजे दर वेळी तिला नव्यानं सुतक घालणं. खोटी कहाणी रचायचीही गरज नसते. "बाबाची आठवण आली का? कापूस विकून आले की काय आणायचे गं?" असं बोलणं त्यांच्याकडे वळवा. ती बाबांचं काही सांगू लागली की प्रश्न बहुतेक वेळा मागं पडतो.

"घरी ने" याचा अर्थ नेहमी घर नसतो. अंगाखालची चादर ओली, लघवीची घाई, पाय अवघडला, पंख्याचा वारा थेट अंगावर, तहान, किंवा शेजारच्या खाटेवरचा गोंधळ. ती हे म्हणाली की आधी हात घालून चादर पाहा, ओठ कोरडे आहेत का पाहा, पाणी विचारा, लघवी विचारा. एवढं करून झालं की "हो, पाय बरा झाला की जाऊ" म्हणा. "उद्या नेतो" म्हणू नका. एरवी विसरणारी माणसं नेमकी अशी गोष्ट कधी लक्षात ठेवतील सांगता येत नाही, आणि मग रात्रभर गाठोडं बांधत बसतात.

दुखणं ओळखायला शिका, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर दुखतंच आणि "दुखतं का?" ला ती "नाही" म्हणेल. कूस वळवताना कपाळावर आठ्या, दात आवळणं, कण्हणं, मूठ घट्ट, श्वास जोरात, जवळ घेऊनही शांत न होणं, ही त्याची भाषा. डायपर बदलतानाच फटका मारते आणि एरवी नाही, तर तो स्वभाव नाही, तो खुबा आहे. डॉक्टरांना विचारा की दुखण्याचं औषध "मागितल्यावर" लिहिलंय की ठरलेल्या वेळी. जो मागू शकत नाही त्याला पहिल्या पद्धतीनं काहीच मिळत नाही.

सुई उपटण्यावर हात बांधणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, आणि बहुतेक वेळा तोच आग वाढवतो. बांधलेला माणूस सुटायला झगडतो, मनगटं सोलतात, गोंधळ दुप्पट होतो. आधी विचारा: सलाईन अजून लागतं का, की तोंडानं पाणी पुरेल? लघवीची नळी आज काढता येईल का? हा नळीचा प्रश्न रोज विचारा. गरज संपूनही राहिलेली नळी जंतुसंसर्ग आणते आणि ओढून काढली तर रक्तस्राव होतो. सुई ठेवावीच लागत असेल तर वरून पट्टी गुंडाळून पूर्ण बाहीचं पोलकं घाला. जे दिसत नाही ते कमी उपटलं जातं. आणि हातांना काम द्या. कापसाचा पुंजका दिला की वाती वळणाऱ्या बोटांना कोणी शिकवावं लागत नाही. सरकी काढलेला, स्वच्छ कापूस आणा, आणि तोंडात घालत नाही ना यावर नजर ठेवा. बापमाणूस असेल तर दुपट्ट्याच्या घड्या घालायला द्या. मणी, शेंगदाणे, डाळ निवडायला देऊ नका, घशात अडकतात.

जेवणाच्या वेळी हजर राहणं हे गप्पांपेक्षा मोलाचं. ताट खाटेशी ठेवलं जातं, अर्ध्या तासानं उचललं जातं आणि "जेवत नाही" असं नोंदलं जातं. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढं डोकं उंच करून बसवा, कवळी लावा, चमचा लहान घ्या, घास गिळल्याची खात्री करूनच दुसरा द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. घरून आणायचं तर मऊ मुगाची खिचडी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेली पोळी. चव ओळखीची असली की तोंड उघडतं. पाणी पिताना ठसका लागतो, नंतर आवाज घोगरा, ओला येतो, असं दिसलं तर थांबा आणि सिस्टरला सांगा. पाणी फुप्फुसात जात असू शकतं. हृदय-किडनीसाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दिवसभरात साधारण दीड लिटर पोटात जावं, म्हणजे २०० मिलीचा पेला सात-आठ वेळा, दर वेळी घोट-घोट. मे महिन्यात वॉर्डातला कूलर बंद पडला असेल तर ओठांकडे जास्त लक्ष द्या. भेटायला येणारा प्रत्येक जण नारळ आणतो. किडनीचा त्रास असेल तर नारळपाण्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं, विचारल्याशिवाय देऊ नका.

तुम्हाला एकच वेळ निवडता येत असेल तर संध्याकाळी पाच ते आठ निवडा. "ढोरं सोडा" त्याच वेळी सुरू होत असेल. दिवेलागणीला ढोरं घरी यायची, चूल पेटायची, साठ-पासष्ट वर्षं तिचं अंग त्या वेळी उठून कामाला लागलंय. अंधारू लागलं, सावल्या लांबल्या, ड्युटी बदलाची धावपळ झाली की गोंधळ वाढतो. अंधार पडायच्या आधीच दिवा लावा. दुपारी चारनंतर चहा नको. "ढोरं आली, दादानं बांधली, कडबा टाकला" हे उत्तर तिला पुरतं. तिची स्वतःची वाकळ पांघरायला आणा. मोबाईलवर तिचं ओळखीचं भजन अगदी हळू लावा, आख्ख्या वॉर्डासाठी नाही. दिवसा मात्र उलटं: खिडकीचा उजेड, डॉक्टर म्हणतील तसं खुर्चीत बसवणं, फिजिओथेरपिस्टबरोबर उभं करणं. खुब्याच्या ऑपरेशननंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी उठवतात. चौथ्या दिवशीही ती आडवीच असेल तर का, ते विचारा. दर दोन तासांनी लघवीला विचारा, कारण ती पडते ती बहुतेक लघवीला एकटी उठतानाच. कठडे वर केले म्हणून निर्धास्त राहू नका, गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो.

"इंजेक्शन देऊन झोपवा हो" हा आग्रह बहुतेकदा घरच्यांचाच असतो, रात्रपाळीचा एकटा डॉक्टर काय करणार! झोपवलेला माणूस घास श्वासात ओढतो, उठताना पडतो आणि गोंधळ लांबतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल किंवा ती भीतीनं कासावीस असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रेत. आधीपासून हात थरथरणं, चाल मंदावणं, घरातही माणसं-मुलं दिसणं असं होत असेल तर ते आवर्जून सांगा. पार्किन्सन किंवा त्या जातीच्या डिमेन्शियात हॅलोपेरिडॉल हे शांत करण्याचं औषध भारी पडतं.

रात्रीची सोय आधी ठरवा. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाइकाला सहसा थांबू देत नाहीत, म्हणजे तुम्ही किंवा भाऊ कितीही तयार असलात तरी बहीण, वहिनी, मावशी यांची पाळी लावावी लागेल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा हिशोब सोपा होतो. एकीनं सलग दोन रात्रींपेक्षा जास्त जागू नये. सोबतच्या माणसासाठी पास लागत असेल तर वॉर्डच्या डॉक्टरांकडून "स्मृतिभ्रंश, सोबत आवश्यक" असं लिहून घ्या.

गावातून कोणीतरी म्हणणारच की हिला बाहेरचं झालंय, घेऊन चला. नसलेली माणसं दिसणं हे डेलिरियमचंच लक्षण. वाद घालत बसू नका. अंगारा लावायचा तर कपाळाला लावा. तोंडात, पाण्यात टाकू नका, आणि दवाखान्यातून सुट्टी करून नेऊ नका. आणि याच दिवसांत शेताच्या कागदावर अंगठा घ्यायला कोणी आलं तर परत पाठवा. शुद्धीत नसलेल्या माणसानं केलेला करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२ मुळे टिकत नाही, आणि भावाभावांत कायमची कोर्टकचेरी लागते.

निघताना लांबलचक निरोप नको आणि चोरून पळणंही नको. तिचं जेवण चालू असताना, दुसरं ओळखीचं माणूस शेजारी बसल्यावर, "येतो माय" एवढं म्हणून उठा. तुमचा दुपट्टा तिच्या हातात राहू द्या. पुण्याला परतल्यावर व्हिडिओ कॉल काहींना चालतो, बऱ्याच जणींना पाटीएवढ्या काचेत हलणारं तोंड कळत नाही आणि त्या घाबरतात. साधा फोन चांगल्या कानाशी धरून दोन मिनिटं बोला. सिस्टरना फोन करायचा तर ड्युटी बदलाची वेळ टाळा, आणि घरातून एकानंच करावा.

दवाखान्यातून सुट्टी होईल तेव्हा गोंधळ पूर्ण गेलेला असेलच असं नाही. कारण सापडून उपचार झाले तरी उतरायला दिवस, आठवडे, कधी महिने लागतात, आणि काही जणी पूर्वीच्या ठिकाणी पुरत्या येत नाहीत. म्हणून नव्यानं सुरू झालेली प्रत्येक गोळी किती दिवसांची ते लिहून घ्या, खास करून शांत ठेवण्याची. ती दवाखान्यापुरती सुरू होते आणि घरी वर्षभर चालू राहते. घरी आल्यावर पुन्हा एकाएकी सुस्ती, ताप, लघवी बंद किंवा जेवण बंद झालं तर "वयच झालं" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. रात्री-अपरात्री वहिनी एकटी असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाईन सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्ही नंबर वहिनीच्या फोनमध्ये तुम्ही असतानाच भरून द्या आणि एकदा लावून दाखवा.